पोटमाळ्यावरची दुसरी डिस्क

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पहिला आठवडाभर नाशिकला पाऊस हटायला तयार नव्हता. ४ तारखेला, रविवारी, गोदावरीला मोठा पूर आला. रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती पाण्यात गेला आणि गावभर मोबाइलवर त्याचेच फोटो फिरत होते. आम्हा नाशिक रोडकरांना पुराची झळ तशी कमी, पण वीज दिवसातून चार-पाच वेळा जायची आणि यायची. जाण्यापेक्षा हे येणं जास्त वाईट. बुधवारी सकाळी साडेनऊला अण्णांच्या प्रेसमध्ये कामाला असलेल्या मुलाचा फोन आला.

“दादा, सर्व्हर काळा पडलाय.”

“काळा म्हणजे?”

“काहीतरी इंग्लिशमध्ये विचारत होता. एफएससीके हाताने चालवा म्हणून. मी मोबाइलवर बघितलं आणि मायनस वाय दिलं. पाऊण तास सरसर चालला. आता अडकून बसलाय.”

हातातली पोळी ताटात ठेवली. “बटण दाबून धर आणि बंद कर. मी येईपर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही. अण्णांनीसुद्धा.”

बिटको पॉइंटपासून आत एका गल्लीत ही प्रेस आहे. नाशिक रोडला छपाई म्हटली की बाहेरच्यांना नोटाच आठवतात. इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ ची, करन्सी नोट प्रेस १९२८ ची. त्याआधी आपल्या नोटा आणि तिकिटं विलायतेत छापून बोटीने यायची. आमच्याकडे ‘तो प्रेसमध्ये आहे’ म्हटलं की सरकारी प्रेस असंच समजतात आणि मुलगी द्यायला तयार होतात. अण्णांची प्रेस त्यातली नव्हे. इथे लग्नपत्रिका, लेटरहेड, दशक्रिया विधीची पत्रं, गणेश मंडळांची पावती पुस्तकं आणि पतसंस्थांचे वार्षिक अहवाल छापतात. खाली ऑफसेट मशीन, बाजूला कटिंग, मागे डीटीपीच्या तीन टेबलांवर ऑपरेटर, आणि वर पोटमाळ्यावर कागदाच्या रिमांच्या आड तो सर्व्हर.

सर्व्हर माझाच. म्हणजे २०१३ साली मीच जुळवून दिलेला. साधा असेंबल केलेला संगणक, त्यावर सेंटओएस ६, तिन्ही ऑपरेटरांना एकच फोल्डर दिसावं म्हणून सांबा, आणि दोन-दोन टीबीच्या दोन डिस्क रेड-१ मध्ये. जे एका डिस्कवर लिहिलं जाईल ते दुसरीवरही, अक्षर न अक्षर. एक मेली तरी दुसरी आहे, असं मी अण्णांना सांगितलं होतं. अण्णांनी तेव्हा विचारलं होतं, “आणि एक मेलीय हे मला कळणार कसं?” मी म्हणालो होतो, मेल येईल. या वाक्याकडे पुढे यायचंच आहे.

या धंद्यात जुन्या मॅटरचं मोल काय असतं ते बाहेरच्याला लवकर कळत नाही. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, “मागच्या वर्षीचंच मॅटर, फक्त साल बदला.” मंडळाचं पावती पुस्तक असो की पतसंस्थेचा अहवाल, सगळं असंच चालतं. त्या वर्षी गणपती २ सप्टेंबरला बसणार होते. पतसंस्थांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायच्या होत्या. म्हणजे ऑगस्ट हा प्रेसचा हंगाम, आणि हंगामाच्या तोंडावर सहा वर्षांचं मॅटर गेलं होतं.

पोटमाळ्यावर चढलो. कॅबिनेटवर चिकटपट्टीने कागद लावलेला होता आणि त्यावर रूटचा पासवर्ड, माझ्याच हस्ताक्षरात. मुलाला काय बोलणार? त्याला आत जायची किल्ली मीच दिलेली. शिवाय २००२-०३ च्या सुमारास मीही एका ठिकाणी हेच केलं होतं. पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून लिनक्स शिकलेल्या आमच्या पिढीला ‘मायनस वाय’ म्हणजे कामाला लागलेला माणूस वाटायचा. एफएससीके फाइलसिस्टिम तपासतं आणि बिघाड सापडला की दर वेळी थांबून विचारतं, दुरुस्त करू का? मायनस वाय दिलं की सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर, हो. डिस्क धडधाकट असेल आणि नुसती वीज गेल्याने गोंधळ झाला असेल, तर बहुतेकदा हे चालूनही जातं. पण डिस्कच मरायला टेकलेली असली की त्यातले दोन प्रश्न वेगळे असतात. ‘हा ब्लॉक वाचता येत नाही, दुर्लक्ष करू?’ हो. ‘त्यावर जबरदस्तीने पुन्हा लिहू?’ हो. जे अजून चार वेळा प्रयत्न केल्यावर कदाचित वाचता आलं असतं, त्यावर दुसरंच काहीतरी लिहून मोकळं.

मी पेनड्राइव्हवरच्या लिनक्सने मशीन चालू केलं आणि रेडची स्थिती बघितली. तिथे दोन डिस्कसाठी कंसात दोन ‘यू’ दिसायला हवेत. दिसलं एक ‘यू’ आणि शेजारी एक आडवी रेघ. म्हणजे जोडीतली एक डिस्क बाहेर पडलेली. पण मशीनला ती दिसत होती, फिरत होती, आवाजही बरा होता.

आता जे लिहितोय ते या धंद्यातल्या माणसांनी जरा सावकाश वाचावं. जोडीतली डिस्क बाहेर पडलेली दिसली की आमच्या बोटांना एकच गोष्ट ठाऊक असते, ती परत जोडणे. एमडीअॅडम, अॅड, डिस्कचं नाव, एंटर. मी तेवढं टाइप केलंही. एंटरच्या बटणावर बोट होतं. तेवढ्यात शिडीवरून आप्पांचा आवाज आला, “चहा वर आणू का खाली येतोस?” आप्पा म्हणजे प्रेसमधले सगळ्यात जुने. खिळे जुळवायच्या काळापासूनचे जुळारी, आता प्रूफ वाचतात. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला शिडी चढायला लावायची लाज वाटली म्हणून मी खाली गेलो.

चहा पिताना डोक्यात आलं की ही डिस्क बाहेर पडली तरी कधी, हे आपण विचारलंच नाही.

वर येऊन ती ओळ पुसली आणि दोन्ही डिस्कच्या रेडच्या नोंदी नुसत्या वाचल्या. चालू डिस्कवरची शेवटची नोंद त्याच सकाळची. बाहेर पडलेल्या डिस्कवरची, ११ जून २०१८. चौदा महिने ती डिस्क त्याच पेटीत, त्याच विजेवर नुसती फिरत होती आणि तिच्यावर कोणी एक अक्षरही लिहिलं नव्हतं. म्हणजे त्या दिवशीची अख्खी प्रेस तिच्यात जशीच्या तशी होती. एंटर दाबला असता तर रेडने आपलं काम चोख केलं असतं. चांगल्या डिस्कवर बिघडलेली डिस्क, पहिल्या ब्लॉकपासून शेवटच्यापर्यंत, इमानदारीत उतरवून काढली असती.

मला घाम फुटला तो तेव्हा. मशीन बंद केलं, दोन्ही डिस्क काढल्या, प्रेसमधल्याच बटर पेपरमध्ये गुंडाळल्या आणि एकीवर ‘जुनी’, दुसरीवर ‘आजारी’ असं स्केचपेनने लिहिलं.

अण्णांकडून चार-चार टीबीच्या दोन नव्या डिस्कचे पैसे घेतले. त्यांनी विचारलं, “वाचवायचं म्हणजे यातून काढायचं ना? मग आणखी विकत कशाला?” त्यांना सांगितलं की आजारी माणसाला उठबस करायला लावायची नाही, एकदाच काय ते विचारून घ्यायचं आणि मग त्याला झोपू द्यायचं. मूळ डिस्कवरून ब्लॉकमागून ब्लॉक उचलून एक प्रतिमा बनवायची. पुढची सगळी कापाकापी त्या प्रतिमेवर, तीही तिची आणखी एक प्रत काढून.

त्यासाठी डीडीरेस्क्यू वापरतात. अँटोनियो डियाझ डियाझ यांनी लिहिलेलं हे हत्यार लिनक्सवाल्यांच्या घरातला हळदीचा डबा आहे. त्याची रीत मला आवडते. पहिल्या फेरीत जे सहज येतं ते उचलतं आणि जिथे डिस्क अडखळते तिथे हट्ट न करता पुढे उडी मारतं. सगळं सोपं हाती आल्यावर मग अडलेल्या जागांच्या कडा कुरतडतं, शेवटी एकेक सेक्टर खरवडतं. कुठे काय मिळालं आणि कुठे नाही याचा नकाशा एका फाइलमध्ये लिहून ठेवतं, त्यामुळे मध्ये वीज गेली तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. त्या आठवड्यात वीज दोनदा गेली.

‘जुनी’ एका रात्रीत पूर्ण उतरली, एकही सेक्टर न चुकता. मग ती बाहेर पडली कशाने? केबल. साटाची केबल कनेक्टरमध्ये सैल होती, खाली ऑफसेट चालू झालं की पोटमाळा थरथरतो आणि कधीतरी क्षणभर संपर्क सुटला असणार. माझा अंदाज तरी असाच आहे. ‘आजारी’ने मात्र छळलं. पहिली फेरी दीड दिवस. त्यानंतर शेवटच्या काही एमबींसाठी आणखी दोन दिवस. डिस्क मध्येच कट्-कट् वाजायची, मी पंखा तिच्या तोंडाशी धरून बसायचो. अखेर साडेअकरा एमबी उरले, ते काही केल्या येईनात. दोन टीबीत साडेअकरा एमबी म्हणजे पोत्यात मूठभर गहू. ऐकायला छान वाटतं. पण ती मूठ पोत्याच्या कुठल्या कोपऱ्यातली, यावर सगळं असतं.

अण्णांना हे समजावताना मी सातबाऱ्याची मदत घेतली. तुमची जमीन शिवारात आहे. तिचा गट नंबर, क्षेत्र, चतु:सीमा हे एका दप्तरात लिहिलेलं. आणि कोणाच्या नावावर कुठली जमीन, हे दुसऱ्याच दप्तरात. लिनक्सच्या ईएक्सटी-४ फाइलसिस्टिममध्ये असंच असतं. फाइलचा मजकूर डिस्कवर कुठेतरी पसरलेला. तो कुठे आहे, किती आहे, कधी लिहिला, हे आयनोड नावाच्या नोंदीत. आणि गंमत म्हणजे आयनोडमध्ये फाइलचं नावच नसतं, नुसता नंबर असतो. नाव असतं फोल्डरच्या यादीत, ‘अमुक नाव म्हणजे तमुक नंबर’ एवढंच. आता फोल्डरच्या यादीचा चार केबीचा एक ब्लॉक वाचता आला नाही तर शंभर-सव्वाशे नावं जातात. मजकूर जागेवर शाबूत, सातबारा हरवलेला. उलट आयनोडचा एक ब्लॉक गेला तर सोळा फायलींचे गट नंबरच जातात. मग जमीन कुठली आणि बांध कुठला.

“पण तू म्हणाला होतास ना, वीज गेली तरी हे सावरतं म्हणून?” अण्णा काही विसरत नाहीत. खरं होतं. ईएक्सटी-२ पर्यंत ती सोय नव्हती, ईएक्सटी-३ पासून जर्नल आलं. जर्नल म्हणजे आपली रोजकीर्द. खतावणीला हात लावण्याआधी व्यवहार रोजकीर्दीत टिपायचा, मध्येच दिवा गेला तर उजेड आल्यावर रोजकीर्द बघून खतावणी पुरी करायची. पण खतावणीचं पानच उंदराने खाल्लं असेल तर रोजकीर्द काय करणार? तिच्यात गेल्या काही क्षणांचे व्यवहार असतात, सहा वर्षांचे नव्हे.

प्रतिमेच्या प्रतीवर काम सुरू केलं. सुरुवातीचा सुपरब्लॉक, म्हणजे अख्ख्या फाइलसिस्टिमचं मुखपृष्ठ, खराब निघालं. याची मात्र ईएक्सटी बनवणाऱ्यांनी आधीच काळजी घेतलेली आहे. मुखपृष्ठाच्या नकला ठरावीक जागी ठेवलेल्या असतात, चार केबीचे ब्लॉक असतील तर पहिली नक्कल ३२७६८ व्या ब्लॉकवर. तलाठ्याकडे जळालं तरी तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये मिळावं तसं. त्या नकलेच्या आधाराने एफएससीके चालवलं. या वेळी आधी नुसतं ‘वाचून सांग’ म्हणून, आणि त्याचा तीनशे पानांचा अहवाल चाळून मग दुरुस्तीला. हो, शेवटी मीही मायनस वायच दिलं. फरक इतकाच की माझ्याकडे ती प्रत बिघडली तर दुसरी होती.

तासाभराने लॉस्ट+फाउंड उघडलं.

हे फोल्डर लिनक्सहून जुनं, युनिक्सच्या काळापासून चालत आलेलं. प्रत्येक ईएक्सटी फाइलसिस्टिमच्या मुळाशी ते असतं, एरवी रिकामं. ज्यांची नावं हरवली त्या फायली एफएससीके तिथे आणून ठेवतं, आणि नाव म्हणून काय देतं? हॅशचं चिन्ह आणि पुढे आयनोडचा नंबर. स्टेशनवरच्या बेवारस सामानाला चिठ्ठी लावतात तसं. मी मोजायला सांगितलं. अडतीस हजार चारशे आणि वर काही.

तिथे एक दिलासा होता. जिथे फक्त वरच्या फोल्डरचं नाव गेलं होतं, तिथे आतली यादी शाबूत होती. फोल्डरला नंबर, पण आत ‘पत्रिका फायनल’, ‘पत्रिका फायनल नवीन’, ‘पत्रिका फायनल अण्णा ओके’ अशी ओळखीची मंडळी. ऑपरेटरांच्या या नावांना मी सहा वर्षं हसत आलो होतो. त्या दिवशी त्यातलं एकेक नाव सोन्याचं वाटलं.

मग ‘जुनी’ कामाला आली. तिच्यावरची प्रत्येक फाइल, तिचं नाव आणि आयनोड नंबर यांची यादी काढली. दोन्ही डिस्क जुळ्या असल्यामुळे ११ जूनपर्यंतचे आयनोड नंबर दोन्हीकडे सारखेच. यादीला यादी लावून वजाबाकी केली. नंबर, आकार आणि बदलाची वेळ तिन्ही जुळलं की ती फाइल आपल्याकडे नावासकट आहेच, सोडून द्या. एक फसगत मात्र होण्यासारखी होती. फाइल पुसली की तिचा नंबर मोकळा होतो आणि पुढच्या एखाद्या फाइलला मिळतो, रेल्वेच्या बर्थसारखा. त्यामुळे नुसत्या नंबरावर विश्वास ठेवला तर एखाद्याच्या दशक्रियेच्या पत्राला कोणाच्यातरी लग्नाचं नाव लागायचं. ईएक्सटी-४ च्या आयनोडमध्ये फाइलची जन्मवेळही असते. जन्म ११ जून २०१८ च्या आधीचा असेल आणि मजकूर मागाहून बदललेला असेल, तरच जुनं नाव द्यायचं, असा नियम केला.

वजाबाकीनंतर नऊ हजारांच्या आसपास उरल्या. चौदा महिन्यांचं काम, बिननावी.

इथवर जे केलं ते कोणीही शिकलेला माणूस करतो. यापुढचं काम मला एकट्याला जमलं नसतं.

आधी मला वाटलं, मजकुरातून शोधू. ‘पावती’, ‘वार्षिक’, ‘शुभविवाह’ असे शब्द टाकायचे आणि ज्या फाइलमध्ये सापडतील त्या बाजूला काढायच्या. एकही सापडली नाही. मग लख्ख प्रकाश पडला. या प्रेसमध्ये अजून श्रीलिपी चालते. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची ही श्रीलिपी आणि तिच्यासारखे जुने फॉन्ट युनिकोडच्या आधीच्या पद्धतीचे. त्यांत ‘ल’ म्हणजे ‘ल’ साठवला जात नाही. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी तुकडे बसवलेले असतात. पडद्यावर सुंदर मराठी, फाइलमध्ये मात्र माकडाने टाइप केल्यासारखी रोमन अक्षरं. त्यातही ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी, कारण कागदावर ती आधी दिसते. म्हणजे आम्ही नऊ हजार मराठी कागदांत मराठी शब्द शोधत होतो आणि आत मराठी नव्हतंच!

उपाय आप्पांनी काढला, अगदी सहज. “मग ते ज्या भाषेत आहे त्या भाषेत विचार ना.” ऑपरेटरने श्रीलिपीत ‘वार्षिक अहवाल’ टाइप केलं, ते पेजमेकरमध्ये साठवलं, मी त्या फाइलमधले नेमके बाइट उचलले आणि तेच शोधायला लावले. सहाशे-साडेसहाशे फायली भराभर वर आल्या. मुलाने टाळी वाजवली.

कोरलड्रॉचं निराळं. त्याच्या एक्स-४ आवृत्तीपासूनच्या फायली आतून झिपसारख्या दाबलेल्या असतात, शोधून शब्द मिळत नाही. पण त्याच पुडीत पानाचं एक छोटंसं चित्र ठेवलेलं असतं, फाइल न उघडता झलक दिसावी म्हणून. ती चित्रं बाहेर काढायची आज्ञा लिहिली, एका पानावर चाळीस अशी मांडली, खाली आयनोडचे नंबर, आणि प्रेसच्याच प्रिंटरवर छापली. दोनशे पानांचा गठ्ठा झाला. लाल पेन घेऊन आप्पा खुर्चीत बसले.

सलग चार दिवस दुपारी मी त्यांच्या शेजारी बसलो. बोटाच्या पेराएवढं चित्र, त्यातलं अक्षर मला भिंगातून दिसत नव्हतं. आप्पा अक्षर वाचतच नव्हते. “हा गणपती देवळाली गावातल्या पाहुण्यांचा. मोराची चौकट म्हणजे शिंदे-पळशाकडचं लग्न, पावसात पत्रिका भिजल्या म्हणून दोनदा छापली. हे जेल रोडचं मंडळ, त्यांना ‘वर्गणी’ नको, ‘देणगी’ पाहिजे असतं.” ते सांगत, मुलगा नंबरापुढे नाव टाइप करी. मध्येच एखाद्या चित्रावर थांबून ते म्हणत, “ही आपली नाही, बाहेरून आलेली असणार,” आणि ती खरंच कुठल्यातरी गिऱ्हाइकाने पेनड्राइव्हवर आणून दिलेली निघे.

मी विचारलं, कसं ओळखता? ते म्हणाले, खिळ्यांच्या काळात जुळवलेलं पान उचलताना दोरा सुटला की सगळं फरशीवर. “खिळे सगळे तिथंच असायचे रे. एक हरवायचा नाही. पण पान गेलेलं असायचं. मग आठवून जुळवायचं.” एवढं बोलून त्यांनी पुढचं पान ओढलं.

पंधरा दिवसांत साडेआठ हजारांना नावं लागली. एकशे बारा फायली तुटक्या होत्या, साडेअकरा एमबीपैकी काही त्यांच्या पोटात. काहींना कुठलंच चित्र नव्हतं, कुठलाच शब्द नव्हता. मंडळांची पावती पुस्तकं गणपतीच्या आठवडाभर आधी गेली. दोन अहवाल मात्र छापील प्रत समोर ठेवून पुन्हा टाइप करावे लागले आणि त्यातला एक उशिरा पोचला. त्या संस्थेचं काम त्यानंतर दुसरीकडे गेलं.

आता मेलचं. सगळं आटोपल्यावर एका रात्री मी वाचवलेल्या प्रतिमेतून रूटची टपाल पेटी उघडली. मेल आले होते. ११ जून २०१८ ला पहिला, डिस्क बाद झाल्याचा. त्यानंतर सर्व्हर जेव्हा जेव्हा बंद होऊन चालू झाला तेव्हा एकेक, जोडी अपुरी आहे असं सांगणारा. एकूण एकसष्ट. सगळे रूटच्या नावाने, त्याच मशीनच्या आत, जिथे कोणी कधी डोकावत नाही. बाहेरचा पत्ता घालायचं मी २०१३ मध्ये ‘पुढच्या वेळी आलो की करतो’ म्हणून ठेवलं होतं.

बॅकअपचीही तीच कथा. रोज रात्री बाहेरच्या यूएसबी डिस्कवर प्रत काढायची आज्ञा मी लावून दिली होती. ती डिस्क केव्हातरी कोणीतरी लग्नाचे फोटो न्यायला काढली आणि परत लावली नाही. आज्ञा बिचारी रोज धावतच होती. यूएसबी नाही म्हटल्यावर त्याच नावाचं रिकामं फोल्डर सर्व्हरवर होतं, त्यात ती भरत राहिली आणि जागा संपल्यावर गप्प झाली. लिहिण्याआधी डिस्क खरंच लावलेली आहे का हे तपासणारी एक ओळ पुरेशी होती. मी ती घातली नव्हती.

लोक विचारतात, लिनक्स असूनही असं कसं झालं? लिनक्सने त्याचं सगळं काम केलं होतं, एकसष्ट वेळा सांगितलंही होतं. चूक माझी होती आणि ती मी अण्णांना त्यांच्या टेबलासमोर उभं राहून सांगितली. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “बिल काढू नकोस.” मी काढणारच नव्हतो.

आता तिथे नवा सर्व्हर आहे, पोटमाळ्यावर नव्हे तर खाली, भिंतीला लागून. डिस्क रुसली की माझ्या आणि अण्णांच्या मोबाइलवर निरोप येतो. तो मुलगा दर शनिवारी बॅकअपमधून कुठलीही एक फाइल काढतो, उघडतो, तिचं प्रिंट मारतो आणि तारीख घालून खिळ्याला टोचून ठेवतो. ही कल्पना त्याची. ‘जुनी’ डिस्क अण्णांच्या कपाटात, बटर पेपरमध्येच आहे.

ज्यांना नाव लागलं नाही त्या फायली मी पुसू दिल्या नाहीत. ‘बेवारस’ नावाचं फोल्डर करून त्यात ठेवल्या, चारशे अडतीस होत्या. अजूनही एखादं गिऱ्हाईक येऊन २०१८-१९ सालचं मॅटर मागतं आणि ते कुठेच मिळत नाही, तेव्हा मुलगा आधी त्या फोल्डरमध्ये बघतो. मी मागच्या वेळी गेलो तेव्हा तिथे चारशे एकवीस उरल्या होत्या.